म्यूझस्कोर आणि ल्यूट: अक्षर वळणदार, कान कच्चा

निकाल आधीच सांगून टाकते. ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी टॅब्लेचर लिहायचं असेल, जुन्या छापील पानांवरून स्वच्छ प्रत काढायची असेल, विद्यार्थ्याला मोठ्या अक्षरात धडा द्यायचा असेल, तर म्यूझस्कोर हे संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि ल्यूटवाल्यांच्या बारीकसारीक गरजा त्यात कुणीतरी मनापासून बसवलेल्या दिसतात. पण ल्यूटसाठी नवीन काही रचायचं असेल आणि ते कसं वाजेल हे संगणकाच्या आवाजावरून ठरवणार असाल, तर थांबा. त्या कामाला हे निरुपयोगी आहे. निरुपयोगीही ठीक, ते दिशाभूल करतं.

माझ्याकडे तारांच्या आठ जोड्यांचा, जी सुरात लावलेला रेनेसाँ ल्यूट आहे. मी मूळची गिटारवाली. काही जणांना ल्यूट शिकवते, जुन्या रचनांच्या प्रती तयार करते, आणि अधूनमधून स्वतःच्या छोट्या रचना लिहिते. या तिन्ही कामांसाठी मी म्यूझस्कोरची चौथी आवृत्ती वापरते, आता तिला म्यूझस्कोर स्टुडिओ म्हणतात. तेव्हा हे परीक्षण ऑर्केस्ट्रा लिहिणाऱ्याच्या नजरेतून नाही. व्हायोलिनचे विभाग, ड्रम वगैरे कसे आहेत ते मला विचारू नका.

ज्यांचा ल्यूटशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. ल्यूटचं संगीत शतकानुशतकं पाच रेघांच्या नोटेशनमध्ये नाही, टॅब्लेचरमध्ये लिहिलं गेलं. रेघ म्हणजे तार, किंवा नेमकं बोलायचं तर तारांची जोडी, आणि रेघेवरचं चिन्ह म्हणजे पडदा. कोणता स्वर ते लिहिलेलंच नसतं, बोट कुठे ठेवायचं ते लिहिलेलं असतं. फ्रेंच पद्धतीत अक्षरं: ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी दुसरा. सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत उंच सुराची तार. इटालियन पद्धतीत आकडे, आणि रेघा उलट्या, म्हणजे वाद्य मांडीवर घेऊन खाली बघितल्यावर तारा जशा दिसतात तशा, खर्ज वर. व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने 1507 साली ल्यूटसंगीताचं पहिलं छापील पुस्तक काढलं, स्पिनाचिनोचं, ते याच पद्धतीत. स्पेनमध्ये लुईस मिलानने 1536 साली विह्वेला या गिटारसारख्या वाद्यासाठी आकडेच वापरले पण उंच तार वर ठेवली, आणि गायकाचे स्वर त्याच आकड्यांमध्ये लाल शाईने छापले. या लाल आकड्यांवर माझं फार प्रेम आहे. जर्मन पद्धत या सगळ्यांहून निराळी: तिथे रेघाच नाहीत, प्रत्येक तार आणि पडदा जिथे भेटतात त्या प्रत्येक जागेला स्वतःचं वेगळं चिन्ह. ही पद्धत कोनराड पाउमान या अंध वादकाच्या नावावर सांगितली जाते. ती वाचायला शिकणं म्हणजे नवीन लिपी पाठ करणं.

गिटारचं टॅब लिहिणारी सॉफ्टवेअर पैशाला पासरी आहेत. त्यांना सहा रेघा आणि आकडे कळतात. ल्यूटवाल्याला हवी असतात अक्षरं, रेघांच्या वर ताल दाखवणारी झेंड्यांची चिन्हं, आणि सहाव्या रेघेखाली येणाऱ्या जादा खर्जाच्या जोड्या. इथे बहुतेक गिटारवाल्या सॉफ्टवेअरची गाडी अडते.

म्यूझस्कोरमध्ये वाद्यांच्या यादीत ल्यूट आहे, शिवाय लांब खर्जतारांचे मोठे ल्यूट, म्हणजे आर्चल्यूट आणि थिऑर्बोही आहेत. तिथून सुरुवात करता येते, पण खरी गंमत स्टाफच्या, म्हणजे रेघांच्या पट्टीच्या, गुणधर्मांच्या खिडकीत आहे. तिच्या आत 'अॅडव्हान्स्ड' म्हणून आणखी एक खिडकी उघडते. पहिल्यांदा ती बघून बिचकायला होतं, इतके पर्याय आहेत. पण एकेक वाचत गेलं की कळतं, हे लिहिणाऱ्याने जुनी पुस्तकं समोर ठेवून हे बनवलंय. अक्षरं की आकडे? रेघेवर बसवायचे की रेघांच्या मधल्या जागेत? रेघा सुलट्या की उलट्या? तालाची चिन्हं प्रत्येक स्वरावर दाखवायची, की फक्त बदलली तरच? ओळ बदलली की पुन्हा दाखवायची का, की प्रत्येक मापाच्या सुरुवातीला? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण 16व्या शतकातल्या छापखान्यांत आणि 17व्या शतकातल्या हस्तलिखितांत याबाबतीत एकच एक रीत नाही, आणि डोळ्याला ज्याची सवय त्याप्रमाणे वाचनाचा वेग बदलतो. मी स्वतःसाठी 'बदललं तरच' ठेवते. नवशिक्यांसाठी प्रत्येक मापाला.

अक्षरांचे साचेही अनेक आहेत. फालेझ या 16व्या शतकातल्या मुद्रकाच्या छपाईवरून घेतलेला एक आहे, इंग्लिश ल्यूटवादक डाऊलंडच्या वळणाचा एक आहे, फ्रेंच बरोक हस्ताक्षरांवरून घेतलेले आहेत. जुन्या फ्रेंच टॅबमध्ये सी हे अक्षर सी सारखं न काढता आडवा फाटा असलेल्या आरसारखं काढत, म्हणजे घाईत ते ई वाटू नये. नव्या विद्यार्थ्याला ते आर वाटतं आणि तो विचारतो, आर म्हणजे कितवा पडदा? म्हणून मी आधी साध्या आधुनिक साच्यात प्रत देते, आणि काही धडे झाले की तेच पान जुन्या साच्यात. फाइल तीच, एक पर्याय बदलायचा. मूळ पुस्तकाच्या छायाचित्राकडे जाण्याआधीची ही पायरी मला फार उपयोगी वाटते. आय नंतर थेट के येतं, मध्ये 'जे' हे अक्षर नसतं, हेही मुलांना इथेच कळतं.

आता खर्ज. आठ जोड्यांच्या माझ्या ल्यूटवर सहा जोड्या वरून खाली जी, डी, ए, एफ, सी, जी अशा, मग सातवी एफ आणि आठवी डी. म्यूझस्कोरमध्ये तारांचा एक तक्ता आहे, त्यात हव्या तेवढ्या तारा हव्या त्या सुरात वाढवता येतात. प्रत्येक तारेसमोर एक छोटा चौकोन असतो: ही तार फक्त मोकळीच वाजते का? थिऑर्बोच्या किंवा तेरा जोड्यांच्या बरोक ल्यूटच्या लांब खर्जतारांवर बोट पोहोचतच नाही, तिथे खूण करायची, मग त्या तारेवर पडदा लिहू दिला जात नाही. पानावर या तारा कशा दिसतात? फ्रेंच टॅबमध्ये सातवी म्हणजे रेघांच्या खाली नुसता ए, आठवीला ए च्या आधी एक तिरकी रेघ, नववीला दोन, आणि पुढे रेघा मोजण्याचा कंटाळा आल्यावर आकडे. हे सगळं आपोआप होतं.

एक सूचना. रेनेसाँ ल्यूटवर सातव्या जोडीसमोर ती खूण करू नका. सात जोड्यांच्या ल्यूटवर सातवी डी मध्ये लावली की एफ हवा तेव्हा तिचा तिसरा पडदा दाबतात, आणि अशी कितीतरी पानं डाऊलंडच्या काळातली आहेत. खूण करून ठेवली तर ही पानं उतरवताना आपलंच सॉफ्टवेअर आपल्याला हात आवर म्हणेल.

टंकलेखन छान आहे. वरखाली बाणाने रेघ निवडायची, अक्षर दाबायचं, पुढे. तालाचं मूल्य एकदा निवडलं की बदलेपर्यंत तेच चालू राहतं. टॅब्लेचरचीही हीच रीत आहे: झेंडा एकदा वर लिहिला की नवा झेंडा येईपर्यंत तोच लागू. त्यामुळे हस्तलिखित वाचण्याची आणि टंकण्याची लय एकच होते, डोळे पानावर आणि बोटं कळफलकावर. पाच रेघांच्या नोटेशनमध्ये हा आनंद मला कधी मिळाला नाही.

उजव्या हाताची चिन्हंही आहेत. अक्षराखाली एक टिंब म्हणजे तर्जनी, दोन टिंबं म्हणजे मधलं बोट, उभी रेघ म्हणजे अंगठा. 16व्या शतकातली अंगठा हाताच्या आत ठेवून वाजवण्याची पद्धत शिकवताना ही टिंबं फार महत्त्वाची: अंगठा आणि तर्जनी आलटून पालटून, जड मात्रेवर अंगठा, हलक्यावर टिंब. बोटं-चिन्हांच्या पॅलेटमध्ये ती ल्यूटच्या नावाने वेगळी दिलेली आहेत. कुठेतरी फिरून गिटारची पी-आय-एम अक्षरं लावावी लागत नाहीत, हे बघूनच मला बरं वाटलं होतं.

इथपर्यंत कौतुक. आता कान.

म्यूझस्कोरमध्ये वाजवा म्हटलं की वाजतं. पण काय वाजतं? संगणकांच्या संगीतजगतात वाद्यांची एक जुनी ठरलेली यादी आहे, जनरल मिडी, 1991 ची, 128 आवाजांची. त्यात सतार आहे, बँजो आहे, शामिसेन आहे, कोतो आहे. ल्यूट नाही. तेव्हा नुसत्या या यादीवर विसंबलात तर ल्यूटच्या जागी नायलॉन तारांची गिटार येते. आवाजाचा पोत वेगळा, हा त्यातला सर्वांत किरकोळ दोष. वेगळे आवाज बाहेरून आणून घालताही येतील. मुद्दा त्याच्या पलीकडचा आहे.

ल्यूटवर पहिली तार बहुधा एकटी, बाकी सगळ्या जोड्या. खर्जाच्या जोड्यांमध्ये एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली पातळ. म्हणजे खर्जातला प्रत्येक स्वर स्वतःसोबत एक वरचा स्वर घेऊन येतो, आणि तो वरचा स्वर मधल्या आवाजांमध्ये जाऊन मिसळतो. चांगला रचनाकार याचा फायदा घेतो: खर्जाची चाल मध्येच एक गुप्त धून बनते. वाईट रचनाकाराचं यानेच वाटोळं होतं: खर्जात दाटीवाटीने तीन स्वर ठेवले की वरच्या तारांसकट सहा होतात आणि नुसता गाळ उरतो. एका ओळखीच्या संगीतकाराने, तो पियानोवाला, मला ल्यूटसाठी लिहून दिलेल्या रचनेत असा गाळ पानोपानी होता. संगणकावर ते स्वच्छ, गंभीर, सुंदर वाजत होतं. कारण संगणक एक स्वर लिहिला की एकच वाजवतो.

दुसरी गोष्ट स्वराच्या लांबीची, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ही खोट जितकी सॉफ्टवेअरची आहे तितकीच टॅब्लेचरच्या स्वभावातली आहे.

टॅब्लेचर सांगतं की छेड कधी. झेंडा सांगतो की पुढची छेड किती वेळाने. सोडायचं कधी ते कुणीच सांगत नाही. खर्जाचा डी आणि त्याच वेळी वरचा एक स्वर, मग वर आणखी तीन जलद स्वर: पानावर डी च्या डोक्यावर जलद स्वराचा झेंडा असतो, कारण पुढची छेड लगेच आहे. वादकाला कळतं की डी वाजत राहणार, बोट उचलायचं नाही, किंवा तार मोकळी असेल तर ती स्वतःच वाजत राहील. म्यूझस्कोरला तसं कळत नाही. त्याला झेंडा म्हणजे लांबी. तो डी लगेच बंद करतो. सगळ्या खर्जाची अशी उचकी लागते. 17व्या शतकातलं फ्रेंच ल्यूटसंगीत, गोतिए घराण्याचं, जिथे सगळी रचनाच एकेक स्वर सुटा सुटा पेरून त्यांच्या एकमेकांत मिसळण्यावर उभी आहे, ते या वाजवण्यात पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखं ऐकू येतं. ऐकणारा म्हणेल, यात संगीत कुठे आहे? ते सोडलेल्या तारांच्या मागे उरणाऱ्या गुंजनात आहे, आणि ते लिहिलेलं नाही.

उपाय आहे, पण तो उपाय म्हणजे दुसरं काम. टॅबची पट्टी एका आवाजात ठेवायची, आणि शेजारी वेगळी, न जोडलेली, पाच रेघांची पट्टी घेऊन तिच्यात वरचा आणि खालचा आवाज वेगवेगळे, खऱ्या लांबीचे लिहायचे. वाजवायला हीच पट्टी ठेवायची, टॅब मुका. म्यूझस्कोर टॅब आणि नोटेशन एकमेकांशी जोडूनही देतं, एकात बदल केला की दुसऱ्यात होतो, आणि साध्या नाचाच्या धुनांना ते पुरतं. पण फॅन्टसी असेल, तीन आवाज एकमेकांच्या मागे धावत असतील, तर जोडणी सोडाच.

आणि गंमत अशी की हे लांबी ठरवण्याचं काम करताना मला त्या रचना आधी कधी कळल्या नव्हत्या इतक्या कळल्या. प्रत्येक स्वरापाशी प्रश्न: हा मधल्या आवाजाचा की खालच्या? हा डी पुढच्या सी पर्यंत टिकतो का, की मधल्या कॉर्डला बोट हवं म्हणून मध्येच सुटतो? टिकवता येत असेल तर दुसऱ्या जागी बोट ठेवून टिकवायचा का? एकाच पानावरून संपादक वेगवेगळी नोटेशन काढतात ती उगाच नाही. सॉफ्टवेअरने इथे उत्तर दिलं नाही, पण मोकळी चौकट समोर धरून माझ्याकडून वदवून घेतलं. हे श्रेय त्याला द्यायला हवं.

तिसरी गोष्ट सुरांची. ल्यूटचे पडदे गळ्याभोवती बांधलेले दोरे असतात, सरकवता येतात. पियानोसारखे सगळे अर्धस्वर सारखे करायचे की नाही हे वादकाच्या हातात असतं, आणि आपल्यापैकी बरेच जण तसे सारखे करत नाहीत, मीनटोन या जुन्या स्वरमेळाच्या जवळ लावतात म्हणजे तृतीया, सा-ग हे अंतर, शुद्धतेकडे झुकतात आणि गोड लागतात. पण त्याची किंमत असते. मीनटोनमध्ये एफ पासून एफ शार्पपर्यंतचं अंतर लहान, ए पासून बी फ्लॅटपर्यंतचं मोठं. माझ्या ल्यूटवर एफ शार्प चौथ्या जोडीच्या पहिल्या पडद्यावर, बी फ्लॅट तिसऱ्या जोडीच्या पहिल्याच पडद्यावर. पडदा मात्र एकच दोरा, दोघांवरून सरळ जाणारा! एकाला तो खुंट्यांकडे हवा, दुसऱ्याला घोडीकडे. काही जण पहिल्या पडद्याशेजारी एक छोटा तुकडा चिकटवतात, काही जण तो स्वर दुसरीकडे घेतात, काही जण मधला मार्ग काढून दोघांचाही थोडा कान पिळतात. जी मायनरमधून डी मेजरकडे जाणारी एक अगदी सरळ चाल लिहिताना ल्यूटचा रचनाकार हा विचार करत असतो. म्यूझस्कोर मुळात समान अर्धस्वरांत वाजवतं, तिथे हा प्रश्नच नाही, सगळं सारखंच ठीक आणि सारखंच किंचित बेसूर.

चौथी गोष्ट खरं म्हणजे आवाजाची नाही, बोटांची. पाच रेघांवर धून लिहिली आणि ती टॅबच्या पट्टीत चिकटवली तर प्रोग्राम आपल्या मनाने तारा निवडतो. निवड यांत्रिक असते, जवळच्या पडद्याची. त्याला हाताचा ताण माहीत नाही, त्याला कांपानेला माहीत नाही: पायरीपायरीने जाणारी धून मुद्दाम वेगवेगळ्या तारांवर घ्यायची, म्हणजे प्रत्येक स्वर पुढच्यावर थोडा रेंगाळतो आणि घंटांसारखा नाद येतो. थिऑर्बोवर काप्सबेर्गरच्या रचनांत ही चाल वारंवार येते, ल्यूटवरही करता येते. कंट्रोल आणि बाणाने एकेक स्वर शेजारच्या तारेवर हलवता येतो, सूर तोच राहतो, आणि ही सोय उत्तम आहे. पण कुठे हलवायचं ते कळायला हातात वाद्य लागतं.

म्हणून माझी स्वतःची रीत उलटी आहे. रचना ल्यूटवर होते, बोट जिथे पडलं ते पेन्सिलने टॅबमध्ये कागदावर. नोटेशन सगळ्यात शेवटी, आणि तेही दुसऱ्या वाद्याला सोबत करायची असेल तरच. म्यूझस्कोरचं काम मधलं: पेन्सिलीच्या गिचमिडीतून वाचता येईल असं पान.

आज ल्यूटसाठी नवीन लिहिलं जातं का, असं मला विचारतात. लिहिलं जातं, आणि एकाच पठडीतलं नाही. रॉन मॅकफार्लेन स्वतःच्या रचना वाजवतो, त्यांत लोकसंगीताची धाटणी डोकावते. तोयोहिको साटो अनेक वर्षांचा ल्यूटवादक, रचनाकारही. योझेफ फान विसेम तर बरोक ल्यूटवर अगदी कमी स्वरांत, तेच तेच आळवत, जवळजवळ ध्यान लावल्यासारखं लिहितो, आणि त्याचं काम चित्रपटापर्यंत पोहोचलं. आवडीनिवडी बाजूला ठेवल्या तरी एक दिसतं: हे तिघेही आधी वादक आहेत. वाद्य न वाजवणाऱ्याने ल्यूटसाठी लिहू नये असं मी म्हणणार नाही, पण त्याने वादकाला शेजारी बसवावं. म्यूझस्कोर ती जागा घेऊ शकत नाही, आणि ते इतकं गुळगुळीत वाजवतं की त्या जागेची गरज आहे हेच कुणाला जाणवत नाही.

गायनाच्या साथीला मात्र सोय चांगली. वर गायकाची ओळ शब्दांसकट, खाली टॅब, हे पान झटकन तयार होतं. सूर बदलायचा झाला तर जपून. गायिकेला दोन अर्धस्वर खाली हवं असेल आणि सगळं एकदम सरकवलं तर टॅबची सगळी अक्षरं बदलतात, मोकळ्या तारा जातात, आणि सोपी साथ एकदम अवघड होऊन बसते. जुन्या काळी साधा मार्ग होता, ल्यूट वेगवेगळ्या आकारांचे आणि सुरांचे असत, अक्षरं तीच ठेवून दुसरा ल्यूट उचलायचा. टॅब्लेचरला सूर किती उंच याच्याशी देणंघेणं नाही, हीच त्याची खुबी. माझ्याकडे दुसरा ल्यूट नाही, त्यामुळे गायिकेलाच पटवावं लागतं.

एक हौसेची गोष्ट जमत नाही. जॉन डाऊलंडच्या 1597 च्या पहिल्या गीतसंग्रहात एकाच उघड्या पानावर वेगवेगळ्या गायकांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापल्या होत्या, टेबलाभोवती चौघं बसले तर प्रत्येकाला आपली ओळ सुलटी दिसावी. असं पान म्यूझस्कोरमधून थेट काढता येत नाही. तुकडे पीडीएफ काढून दुसऱ्या प्रोग्रामात फिरवावे लागतात. फार कुणाला याची गरज नसेल, मला होती.

छपाई आणि वाचन याबाबत तक्रार नाही. दृष्टी अधू असलेल्या एका विद्यार्थ्यासाठी मी रेघांमधलं अंतर आणि अक्षरांचा आकार दोन्ही वाढवून प्रत काढते, ओळीत दोनच मापं. पान लवकर उलटावं लागतं, पण तो टॅब्लेटवर पायाच्या कळीने उलटतो.

पर्यायांबद्दल थोडक्यात. फ्रोनिमो हे फ्रांचेस्को त्रिबिओलीचं सॉफ्टवेअर खास ल्यूटसाठीच आहे. त्याचं नाव विन्चेन्झो गॅलिलीच्या 1568 च्या ल्यूटवरच्या संवादग्रंथावरून, हा विन्चेन्झो म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप. फ्रोनिमो विंडोजवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं, पण एका पद्धतीचं टॅब दुसऱ्या पद्धतीत नेणं, जर्मन टॅब्लेचर हाताळणं, यात त्याचा हात कुणी धरत नाही. ल्यूटच्या रचनांचा फार मोठा साठा त्याच्या फाइलींच्या रूपात फिरत असतो, आणि त्या म्यूझस्कोरमध्ये थेट उघडत नाहीत, हे लक्षात ठेवा. लिलिपाँड फुकट आहे, त्यात सगळं मजकुरासारखं टंकून लिहायचं, पान देखणं निघतं, जादा खर्जतारांची सोयही आहे, पण ज्याला प्रोग्रामिंगची चीड आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. मी गेले, आणि अजून अधूनमधून जाते, पण विद्यार्थ्यांना पाठवत नाही.

जर्मन टॅब्लेचर म्यूझस्कोरमध्ये नाही. न्यूसिडलर वगैरे 16व्या शतकातले जर्मन ल्यूटवादक मुळातून वाचायचे असतील तर इथे वेळ घालवू नका.

घेणाऱ्यांनी एवढं करावं. पहिल्या दिवशी रचना लिहायला घेऊ नका. आपल्या ल्यूटच्या तारांचा तक्ता, टॅबची पद्धत, अक्षरांचा साचा आणि तालचिन्हांचा पर्याय एका रिकाम्या फाइलीत नीट बसवा आणि तिला नमुना म्हणून जपून ठेवा. पुढचं प्रत्येक काम त्याच फाइलीची प्रत काढून सुरू करा. ल्यूट एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाची वेगळी नमुना फाइल, आणि बरोक ल्यूट असेल तर रचनेच्या सुराप्रमाणे खर्जतारा बदलतात म्हणून त्याच्या दोनतीन.